साहेब, आवाज द्या

मला डेंग्यू झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत, चाकणच्या कंपनीत आणि लातूरकडच्या समस्त पाहुण्यांत मला डेंग्यूच झाला होता. लोकांनी किवी आणले, कुणी ड्रॅगन फ्रूट पाठवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू रोज सकाळी पपईची पानं वाटून रस काढायच्या आणि बायकोजवळ बाटली द्यायच्या. तो रस मी दवाखान्यात मुकाट प्यायचो. कारलं गोड म्हणावं, असला कडू. माझ्या आजाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण एकदा डेंग्यू म्हटलं की रस आला.

मला झालं होतं डिप्रेशन, आणि तेही जगूच नये असं वाटायला लावणारं. मी बरा होत आलोय, गोळ्या चालू आहेत. ज्याच्या घरी असं काही चाललं असेल आणि ज्याने त्याला डेंग्यू, अॅसिडिटी, कामाचा ताण असलं नाव दिलं असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय. लिहिताना लाज वाटते, पण तिच्यासकट लिहितो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान

मी सेफ्टी ऑफिसर. सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लोकांना लाइनीजवळ उभं करायचं आणि कुठे हात घालायचा, कुठे नाही, ते सांगायचं, हे माझं काम. माणूस कुठे पडेल, कुठे अडकेल, कुठे त्याला लागेल, हे तो पडायच्या आधी दिसलं पाहिजे. इतकी वर्षं हेच केल्यावर नजरच तशी होते. लग्नाला गेलो तरी मांडवाच्या वायरी बघतो. सुनंदा, माझी बायको, म्हणते, "अहो, अक्षता टाका आधी."

आणि असल्या माणसाला हे व्हावं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण काय, असं सगळे विचारतात. कारण असतं तर बरं झालं असतं हो. नोकरी गेली, पोरगी पळून गेली, कुणी फसवलं, असं काही सांगता आलं असतं. माझं सगळं जागच्या जागी होतं. पोरगी सोलापूरला शिकते, हुशार आहे. सुनंदा घरीच ब्लाऊज शिवते, तिच्याकडे बायकांची रीघ असते. आणि मी मात्र कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला. सगळे उतरून गेले तरी बसलेलाच. ड्रायव्हर मागे वळून म्हणायचा, "साहेब, उतरताय का परत सोडू?" तो चेष्टा करायचा आणि मला खरंच सांगता यायचं नाही.

आधी झोप गेली. मग डबा तसाच परत यायला लागला. मग एक दिवस शॉपवर, कारखान्यातल्या मशिनींमधून फिरताना माझ्या लक्षात आलं, की दुसऱ्यांना जपायला शिकलेली ती नजर माझ्याकडे वळलीय. म्हणजे काय ते समजून घ्या, जास्त लिहीत नाही. मला दरदरून घाम फुटला. घरी येऊन सुनंदाला म्हणालो, "अॅसिडिटी झालीय."

लिफ्टमध्ये

अॅसिडिटीसाठी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चिंचवडच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. सुनंदा वाटेत दोनदा म्हणाली, "नुसतं दाखवून येऊ. पाठवलंच आहे तर."

मला वाटलं होतं, मॅडम आडवळणाने काहीतरी विचारतील. त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी सुनंदाकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"येतं," मी म्हणालो.

"अहो, काहीतरीच काय बोलताय!" सुनंदा म्हणाली. "मॅडम, कामाचा ताण आहे हो त्यांना. शिफ्ट असते."

मॅडम म्हणाल्या, "ताई, त्यांनी खरं सांगितलंय. हे फार बरं झालं. आता त्यांना एकटं सोडायचं नाही, एवढंच आपलं काम." आणि त्यांनी अॅडमिट व्हायला सांगितलं.

सामान आणायला घरी जाण्यासाठी आम्ही लिफ्टने खाली येत होतो. सुनंदाने माझं मनगट धरलेलं. एवढं घट्ट तिने लग्नात सुद्धा धरलं नव्हतं. म्हणाली, "लोकांना काय सांगायचं?" तळमजला येईपर्यंत तिचं ठरलं होतं. तेव्हा आमच्याकडे घरोघर डेंग्यू चालू होता, त्यात हा एक खपून गेला असता. मला तिचा राग आला नाही. उलट जीव भांड्यात पडला. मीही तेच शोधत होतो.

दार बंद, कडी नाही

वॉर्डात शिरताना माझा पट्टा, बूट, दाढीचं सामान आणि मोबाईल काढून घेतला. आमच्या कंपनीच्या गेटवर मी पाहुण्यांचं असंच काढून घेतो, आणि वर "तुमच्याच सेफ्टीसाठी आहे, सर" असं म्हणतो. इथे गोरख मामा तेच म्हणाला. दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात, मग तो कितीही म्हातारा असो. हा दिघी गावठाणातला जुना माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं मोठ्याने.

बाथरूमला आतून कडी नव्हती. नियम असा, की पेशंट आत गेला की मामाने बाहेरून हाक मारायची आणि आतल्याने उत्तर द्यायचं. थोड्या वेळाने परत.

"साहेब, आवाज द्या!"

"आहे."

"आवाज द्या, साहेब!"

"आहे हो मामा, आहे!"

सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, डोक्यावर पाणी घेताघेता हजेरी द्यायचो. पहिल्या दिवशी तर मला रडू आलं. लातूरला आमच्या घरी लहान पोरं विहिरीवर गेली की आई अशी हाका मारायची.

बाकी दिवस ठरलेला. सकाळी बीपी, चहा, गोळ्या, आणि त्या गिळल्या की जीभ उचलून दाखवायची. दुपारी सुनंदा डबा आणि रस घेऊन यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची आणि फोनवर येईल त्याला सांगायची, "हो, आज प्लेटलेट जरा वाढल्यात." पोरीलाही तेच सांगितलेलं. पोरगी सोलापुरातून विचारायची, "बाबा, किती झाल्या आज?" मी सुनंदाकडे बघायचो, ती बोटांनी आकडा दाखवायची. आयुष्यात कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता मी.

पुन्हा सर

एक दिवस चालताना मला दिसलं, की आग विझवायच्या सिलिंडरपुढे कुणीतरी सलाइनचे खोके रचून ठेवलेत. मला राहवेना. शैला सिस्टरना सांगितलं. वॉर्ड त्याच बघायच्या. अंगाने बारीक, पण सगळा स्टाफ त्यांना टरकून असायचा. त्यांनी खोके हलवायला लावले आणि विचारलं, "तुम्ही काय करता हो?"

मी सांगितलं.

"अरे वा, सर!" त्या म्हणाल्या.

त्या 'सर'ने काय झालं काय सांगू! इतके दिवस मी बेड तीन होतो. मी ताठ झालो. ओली फरशी, सैल प्लग, जिन्यातली कचऱ्याची बादली, एकेक दाखवत सुटलो. त्यात दवाखान्याचं ऑडिट तोंडावर आलेलं. ऑडिट म्हटलं की कंपनी काय आणि दवाखाना काय, सगळीकडे सारखंच: भिंतींना रंग, फरशीवर पिवळे पट्टे आणि स्टाफला पाठांतर. सिस्टर मला विचारायला लागल्या, "सर, हे असं चालेल का?" नर्स पोरी हसून गुड मॉर्निंग म्हणायला लागल्या.

मग सिस्टर म्हणाल्या, "सर, आमच्या स्टाफचं ट्रेनिंग लावलंय. पेशंटने स्वतःला काही करून घेऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची, त्याचं. शिकवते मीच, पण या पोरी नुसतं घोकून म्हणतात. तुम्ही जरा त्यांना बोलतं कराल का? मॅडमना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, मन रमत असेल तर चांगलंच आहे."

मी हो म्हणालो. कोणाला शिकवायचंय आणि कशाबद्दल, हे डोक्यात शिरलंच नाही. मी सर झालो होतो ना!

आणि गोरख मामाने मला हाक मारायचं बंद केलं. मी आंघोळीला जायचो, तो बाहेर अदबीने उभा राहायचा, पण तोंडातून शब्द नाही. साहेबांना काय म्हणून ओरडायचं? आमच्या कंपनीत मोठे साहेब हेल्मेट न घालता शॉपवर येतात तेव्हा गेटवरचा सिक्युरिटीवाला त्यांना अडवत नाही, सलाम ठोकतो. मी दर सेफ्टी वीकला यावर घसा कोरडा करतो. इथे तो सलाम मला मिळत होता आणि मी तो घेत होतो.

राखून ठेवलेली एक

आता जे लिहितोय ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वॉर्डातल्या चुका मी सिस्टरना दाखवत होतो, पण सगळ्या दाखवत नव्हतो. एक ठेवून घेतली होती, स्टाफच्या एका खोलीतली. ती मला पहिल्या फेरीतच दिसली होती. मी तोंड मिटून घेतलं आणि पुढच्या प्लगबद्दल बोललो. रात्री झोपताना मला ती आठवायची आणि बरं वाटायचं. लोक मला शाबासकी देत होते आणि मी आतून असला होतो.

एका दुपारी सिस्टर मला त्याच खोलीत घेऊन गेल्या, ऑडिटसाठी केलेली मांडणी दाखवायला. तेवढ्यात त्यांना फोन आला. "सर, बघा तोवर, आलेच मी," म्हणाल्या आणि गेल्या. पेशंटला असं सोडायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण मी पेशंट राहिलो होतो कुठे?

मी तिथे उभा होतो. मनात काहीच नव्हतं, भीतीसुद्धा नाही. पाठीमागे दार अर्धं उघडं होतं.

बाहेरून मामाचा आवाज आला. दुसऱ्याच कुणासाठी होता. "आवाज द्या, भाऊ!" आणि बाथरूममधून तो भाऊ वैतागून ओरडला, "आहे की! कुठं जातोय मी?"

मला त्या माणसाचा हेवा वाटला. तो आहे का, हे कुणीतरी विचारत होतं. मला कुणी विचारत नव्हतं, आणि ती व्यवस्था मी स्वतःच्या हुशारीने करून घेतली होती. भिंतीला धरत मी बाहेर आलो आणि बेडवर जाऊन बसलो. सिस्टर आल्या, म्हणाल्या, "कसं वाटलं, सर?" मी म्हणालो, "छान आहे."

थोड्या वेळाने सुनंदा आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. सिस्टरनी तिला सांगितलं होतं, की सर आता आमचंच ट्रेनिंग घेणार, मॅडम डिस्चार्जचं बघतायत. तिने रस भांड्यात ओतला आणि म्हणाली, "प्लेटलेट नॉर्मल झाल्या म्हणून सांगते आता सगळ्यांना." मी तिच्यादेखत सगळा रस प्यायलो. घरी गेलो तर मी वाचणार नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट माहीत होतं. आणि तिला तसं सांगायला माझं तोंड उघडेना.

ट्रेनिंग

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. नर्स, मावशी, मामा, सगळे. शैला सिस्टरनी शिकवलं. चांगलं शिकवलं, खरंच. मग म्हणाल्या, "आता सर तुम्हाला काही विचारतील."

मी उभा राहिलो. पेशंटचा तो ढगळ लेंगा अंगावर. सवयीने विचारलं, "सर्वांत जास्त लक्ष कोणत्या पेशंटकडे द्यायचं?"

पोरींनी एका सुरात उत्तर दिलं, अगदी शाळेतल्यासारखं. जो गप्प आहे, जो रडतो, जो जेवत नाही, जो अचानक खूश दिसतो.

शेवटचं त्यांनी म्हटलं आणि एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचा प्रश्न मी सोडून दिला आणि गोरख मामाकडे वळलो. म्हणालो, "मामा, तुम्ही मला आवाज द्यायचं का बंद केलं?"

गोरख मामा गडबडला. "आता तुमाला काय आवाज द्यायचा, साहेब? तुमी काय त्यातलं न्हाई. आमी म्हनलं, आपलं मानूस हाय."

"मी त्यातलाच आहे, मामा," मी म्हणालो. "मी बेड तीन आहे. काल दुपारी मी त्या खोलीत एकटा होतो. आणि मी मांडणी बघत नव्हतो."

कुणाचा तरी फोन वाजला, तिने तो घाईघाईने बंद केला. पुढच्या रांगेतली एक पोरगी तोंडावर हात ठेवून बसली. माझ्या कानशिलांतून वाफा येत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते झालं. फक्त आदल्या दिवशी ते खरं व्हावं असं वाटत होतं, आणि आत्ता नुसतं बोलण्यापुरतं. हा फरक मला तिथे उभ्या उभ्या कळला आणि मी रडायला लागलो.

शैला सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी विश्वासाने गेले होते."

"हो."

"मग?"

"तेच तर सांगतोय, सिस्टर. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. अजून नाही."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चूक माझी आहे. यांना मी सोडून गेले. उद्या माझ्याकडून परत असं होताना कुणी बघितलं, तर तोंडावर सांगा मला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आणखी काय दाखवायचं राहिलंय?" मी राखून ठेवलेली ती चूक त्यांना सांगितली. संध्याकाळच्या आत ती दुरुस्त झाली. आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं मला वाईट वाटलं, हेही खरं आहे.

ते परके होते

माझा बेड सिस्टरच्या टेबलासमोर आला. डिस्चार्ज लांबला. मॅडम म्हणाल्या, "गोळ्यांनी हातापायांत बळ आधी येतं, मन मागून येतं. मधला काळ जपायचा असतो. हे मी तुमच्या घरच्यांना आधीच नीट सांगायला हवं होतं."

सुनंदाला त्यांनीच सांगितलं. ती आत आली तेव्हा रसाची बाटली हातातच होती.

"त्या परक्या पोरींपुढे सांगितलंत," ती म्हणाली. "मी काल इथेच बसले होते. मला नाही सांगितलंत."

"तुझी लाज वाटली."

"आणि त्यांची नाही वाटली?"

"वाटली. पण ते परके होते. तू सगळ्यांना नॉर्मल म्हणून सांगणार होतीस."

ती नाक ओढत होती. मग उठली, बेसिनपाशी गेली आणि बाटली उपडी केली. हिरवा रस गटगट करत गेला. "चुलीत गेला तो डेंग्यू," ती म्हणाली. "सोसायटीतलं पपईचं झाड बोडकं केलं हो बिचाऱ्या काकूंनी!" आणि हसता हसता अशी रडली, की गोरख मामा धावत आला. तिथूनच तिने पोरीला फोन लावला आणि या वेळी आकडा सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो. पाणी सोडलं नाही तोच दारावर थाप पडली.

"साहेब, आवाज द्या!"

पूर्वीपेक्षा मोठ्याने. सगळ्या वॉर्डाने ऐकलं असेल. मला लाज वाटली, आणि त्या लाजेवर गरम पाणी घेतल्यासारखं बरंही वाटलं.

घरी

आता घरी आहे, कामावर जातो. कंपनीत एकालाच खरं सांगितलंय, भोसलेला. तो माझ्याबरोबर बसमध्ये बसतो. तो म्हणाला, "राव, मला वाटलंच होतं, किवी खाऊन कुणी एवढं बारीक होतं का!" आणि आता थांबा आला की कोपराने ढोसतो. बाकीचे अजून प्लेटलेट विचारतात आणि मी अजून "ठीक आहेत" म्हणतो. सगळं धैर्य एकदम येत नाही. पण घरातल्या माणसाला, डॉक्टरला आणि शेजारी बसणाऱ्या एकाला सांगा, एवढं मात्र हात जोडून सांगतो. मनात तसलं काही आलं की त्याच दिवशी सांगा, शहाण्यासारखं तोंड मिटून बसू नका.

आमच्या बाथरूमची कडी मी लावत नाही. सुनंदाला हाक मारायला सांगितलं होतं दवाखान्यात. पण तिला ते जमत नाही. शेजारी भिंतीला भिंत लागून, ऐकतील, असं तिला वाटतं. मग ती येते आणि बाहेर नुसती उभी राहते. दाराखालच्या फटीतून तिची पावलं दिसतात. पाण्याचा आवाज ऐकत असते. आवाज थांबला की पावलं जवळ येतात.

काल मी तांब्या खाली ठेवला आणि आपणहून म्हणालो, "आहे गं."

"मी कुठं काय विचारलं?" ती बाहेरून म्हणाली आणि कुकर लावायला गेली.